वरून झिरपणारं ज्ञान आणि दसरा चौकातलं बोर्डिंग

मुलांच्या शिक्षणाबद्दल प्रत्येक घरात एक सिद्धांत असतो. कुणी तो लिहून ठेवत नाही, पण घरातले सगळे निर्णय त्याच्यावर चालतात. ‘पोराच्या डोक्यातच नाही, मास्तर तरी काय करणार’ हा एक. ‘आपल्या लोकांना शिकून नोकरी कोण देतंय’ हा दुसरा. ‘मुलीच्या जातीला दहावी पुष्कळ झाली’ हा तिसरा, आणि तो सांगणारे अब्बा बऱ्याचदा त्याच मुलीची गुणपत्रिका घडी करून खिशात जपत असतात. बी.एड.ला आम्हाला पियाजे, वायगॉट्स्की, स्किनर परीक्षेपुरते पाठ करायला लावले. वर्गात उभं राहिल्यावर कळलं की खरी गाठ या बिनलिखित सिद्धांतांशी आहे. मूल का शिकत नाही याचं उत्तर आपण एकदा ठरवलं की पुढचं आपोआप ठरतं. डोक्यात नाही म्हटलं की गॅरेज. उपयोग नाही म्हटलं की लग्न.

असा एक सिद्धांत इंग्रज सरकारचाही होता. वरच्या थोड्या लोकांना चांगलं शिकवा, त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. 1835 च्या मेकॉलेच्या टिपणामागे हाच हिशेब होता. ऐकायला तो वाईट वाटत नाही. पैसा थोडा, माणसं फार, सुरुवात कुठून तरी करायलाच हवी. पण वर पाणी ओतलं तर तळाला ओल लागली का, हे कुणीतरी हात लावून बघायला हवं ना? ते जोतीराव फुल्यांनी बघितलं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. खाली काही पोचलेलं नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही त्यांनी तिथेच केली. ज्यांना ज्ञान मिळालं ते पुढे वाटतीलच, असं त्या सिद्धांताने गृहीत धरलं होतं. फुल्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

फुल्यांची मागणी सरकारने बाजूला ठेवली. ती प्रत्यक्षात आणण्याची हिंमत पुढे आपल्या कोल्हापुरात झाली. 1902 मध्ये, विलायतेत असतानाच, राजर्षी शाहू महाराजांनी हुकूम काढला की रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. त्या ‘बाकीच्यां’त आपण मुसलमानही आलो. जागा राखल्या, पण त्या भरायला शिकलेली मुलं कुठून आणायची? इथे महाराजांच्या विचाराचं मला फार कौतुक वाटतं. खेड्यातली मुलं शिकत नाहीत याचं कारण त्यांनी मुलांच्या डोक्यात शोधलं नाही. शहरात मुलाने राहायचं कुठे, जेवायचं कुणाकडे आणि संध्याकाळी दिव्याखाली पुस्तक घेऊन कुणाशेजारी बसायचं, असे प्रश्न त्यांनी विचारले. त्या उत्तरांतून वसतिगृहं उभी राहिली. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग, 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचं मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि आणखी कितीतरी. जातवार बोर्डिंग काढल्याबद्दल आजही काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या काळात चूल आणि पंगत वेगळी होती त्या काळात मुलाला आधी शहरात आणून जेवू घालणं महत्त्वाचं होतं. पुढे 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. तेव्हाचा रुपया म्हणजे गंमत नव्हती. शिक्षेने आणि बक्षिसाने वागणं बदलतं असं सांगणारा स्किनर तेव्हा अमेरिकेत अजून शाळकरी पोरगा होता!

दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंगची इमारत दिसते. आपल्यातल्या किती घरांत पहिला शिकलेला माणूस त्या खोल्यांतून बाहेर पडला, हे आपापल्या आजोबांना विचारून बघा. आजोबांचं डोकं त्याआधी आणि त्यानंतर एकच होतं.

हीच गोष्ट फार पूर्वी ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खलदून यांनी मांडली होती. त्यांचा ‘मुकद्दिमा’ 1377 मधला. मगरिबचे, म्हणजे पश्चिमेकडचे, लोक पूर्वेकडच्या शहरांत जात आणि म्हणत की तिथल्या लोकांची अक्कल जन्मतःच आपल्यापेक्षा वरची आहे. इब्न खलदून म्हणतात, तसं नाही. तिथे कारागिरी, शिकवण्याची रीत, शहरी राहणी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, तिचा हा परिणाम. माणसाचा मूळ स्वभाव दोन्हीकडे सारखाच. मारून-दटावून शिकवलेलं मूल आळशी, खोटारडं आणि कावेबाज होतं, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. ज्यांच्या घरात अजून छडीलाच तरबियत समजतात त्यांनी हे जरूर वाचावं.

आता नव्या काळातलं एक उदाहरण. अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ही मुलं यंदा चमकणार आहेत. नावं खरं तर चिठ्ठ्या उचलाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत ती मुलं खरोखरच इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. 1968 मध्ये हे पुस्तकरूपाने आलं. परिणाम किती मोठा यावर नंतर पुष्कळ वाद झाले, आणि ते योग्यच होतं. पण शिक्षकाच्या मनातला सिद्धांत मुलाच्या अंगी उतरू शकतो, एवढं मला माझ्या वर्गात रोज दिसतं. गणितात ‘ढ’ ठरलेला एक मुलगा सुट्टीत मामाच्या गॅरेजात बसतो. तिथे तो मजुरी, सुटे भाग आणि गिऱ्हाइकाने मागितलेली सूट तोंडी धरून बिल सांगतो. शेकडेवारीचं उदाहरण त्याच बिलावरून घातलं तर त्याचा हात सगळ्यांच्या आधी वर जातो.

आणि ‘मुसलमानांना मदरसाच हवा, शाळा नको’ हा बाहेरच्यांचा लाडका सिद्धांत? 2006 च्या सच्चर समितीने तो मोजून पाहिला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी निघाली जेमतेम तीन-चार टक्के. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी केलेले सिद्धांत असे मोजून घेता येतात. आपणच आपल्याबद्दल केलेले मात्र आपण मोजत नाही. ‘नशिबातच नव्हतं’ या वाक्याचं तर असं आहे की काहीही घडलं तरी ते खरंच ठरतं. तकदीरवर माझं ईमान आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू नये, आधी तो बांधावा, ही शिकवणही आपल्याच नबींची आहे.

गेल्या महिन्यात कागल तालुक्यातल्या एका गावचे पालक भेटले. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, पण पुढे शिकवायचं नाही म्हणाले. कारण विचारलं तर तिसऱ्या नंबरचा सिद्धांत: आमच्यात मुली पुढे शिकत नाहीत. मी म्हटलं, भाईजान, ते राहू द्या, कॉलेज कितीला सुटतं ते सांगा. मग हळूहळू निघालं. प्रॅक्टिकलच्या दिवशी सुटायला साडेपाच होतात, गावाकडची सोयीची गाडी त्याआधी निघून जाते, पुढच्या गाडीने फाट्यावर उतरून अंधारात दोन किलोमीटर चालायचं, आणि भाऊ कामावरून यायला नऊ वाजतात. म्हणजे अडचण अंधाराची होती.

मुलींच्या एका वसतिगृहाचा अर्ज मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला. मग गेट किती वाजता बंद होतं, स्वयंपाकाला कोण आहे, रमजानमध्ये सहरीची सोय होते का, असे प्रश्न विचारत राहिले. शेवटी सहीच्या जागी बोट ठेवून म्हणाले, “हिच्या अम्मीला एकदा खोली बघू द्या.” रविवारी सकाळी दोघं येणार आहेत.