जयंतीच्या रात्री आकाशातला पाहुणा



१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता आपल्या वस्त्या झोपलेल्या नसतात. २०२९ साली त्या जागरणात आकाशातला एक पाहुणाही सामील होणार आहे. त्याचे नाव अपोफिस. हा सुमारे साडेतीनशे मीटर रुंदीचा लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा मोठा खडक आहे. आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल. घरच्या टीव्हीला चित्रे पाठविणारे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. हा पाहुणा त्यांच्याही अलीकडून जाणार आहे.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण आहे. युरोप-अमेरिकेत १३ तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात, आणि त्या दिवशी नेमका शुक्रवार आहे. त्यातच अमावास्येच्या सुमाराची रात्र. जग बुडणार म्हणून सांगणारे, तोडगे आणि ताईत विकणारे तेव्हा दारोदार फिरतील. कष्टाचे पैसे त्यांच्या झोळीत जाऊ नयेत, म्हणून खरी हकिगत आधीच माहीत असलेली बरी.

अपोफिस १९ जून २००४ रोजी अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतून सापडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गणित मांडले, तेव्हा २०२९ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे सदतिसात एक! मग शास्त्रज्ञांनी जुनी छायाचित्रे धुंडाळली. मार्च २००४ च्या छायाचित्रांत तो खडक आधीच टिपला गेला होता. त्या जागा गणितात घालताच २०२९ ची धडक रद्द झाली. पुढे मार्च २०२१ मध्ये रडारने मोजमाप झाले आणि निदान शंभर वर्षे तरी त्याच्यापासून धोका नाही, असे 'नासा'ने जाहीर केले. भीती गेली ती मोजमापाने, अंगाऱ्याने नव्हे.

या मोजमापात हौशी निरीक्षकांचा हात मोठा आहे. त्यांची रीत सोपी आहे. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रे घ्यायची. तारे आपापल्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकलेला दिसला, तर त्याची जागा आणि अचूक वेळ मोजून अमेरिकेतील केंब्रिजच्या 'मायनर प्लॅनेट सेंटर'ला कळवायची. तेथे जगभरची निरीक्षणे एकत्र करून खडकाची वाट ठरवितात. ठिपक्याचा उजेड कमीजास्त होत असेल, तर खडक स्वतःभोवती किती वेळात फिरतो तेही कळते.

स्पेनमधील ला साग्रा वेधशाळेत अशाच हौशी मंडळींनी फेब्रुवारी २०१२ मध्ये एक लघुग्रह शोधला. त्या गटात एक दातांचे डॉक्टरही होते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी तो खडक सुमारे २७,७०० किलोमीटरवरून सुखरूप गेला. मात्र त्याच दिवशी रशियातील चेल्याबिन्स्कवर दुसराच, सुमारे वीस मीटरचा खडक हवेत फुटला आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. बहुतेकांना लागल्या त्या फुटलेल्या काचा. त्या खडकाला आधी कोणीच पाहिले नव्हते. पाहणारे डोळे वाढले पाहिजेत ते यासाठी.

२०२९ मध्ये अपोफिस ऑस्ट्रेलिया, हिंदी महासागर आणि आफ्रिका यांवरून पश्चिमेकडे जाईल. सर्वांत जवळ येईल तेव्हा तो अटलांटिक महासागरावर असेल. म्हणून आपण पहाटेची वाट पाहत बसू नये. मध्यरात्रीच्या आसपासचे तास आपल्या कामाचे. नेमकी दिशा त्या दिवसांत वर्तमानपत्रांत येईलच. हाताशी एक दुर्बीण असावी. एका घराला ती झेपत नसेल, तर मंडळाने वर्गणीतून घ्यावी. ती पुढे वर्षानुवर्षे मुलांच्या उपयोगी पडेल. मंडळांना आमची आणखी एक विनंती आहे. त्या रात्री मैदानातील दिवे पंधरा मिनिटे बंद ठेवावेत.

तोवर मुलामुलींनी एक पाठ गिरवावा. सप्तर्षीतील सात ताऱ्यांपैकी, चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तिथला तारा सर्वांत अंधूक आहे. अपोफिस फार तर तेवढाच तेजस्वी होईल. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे पाहा. तुमच्या गच्चीवरून किंवा अंगणातून तो तारा दिसतो का? दिसत नसेल, तर गावाबाहेरचे कोणते मैदान पुरेसे अंधारे आहे? शोधून वहीत लिहून ठेवा.