गोळी सरकारची, राबणं सिस्टरचं



औषध परवडलं पाहिजे, मिळालं पाहिजे, यासाठी आपण अनेकदा रस्त्यावर उतरलो आहोत. पण औषध हातात पडल्यावर पुढे काय होतं, याची चर्चा आपल्या बैठकांत फारशी होत नाही. ती व्हावी म्हणून हे लिहिते आहे. विषय आहे साध्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग.

या आजारावरचं बेडाक्विलिन हे औषध २०१६ पासून आपल्याकडे सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मिळू लागलं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने आपली मक्तेदारी लांबवण्यासाठी आणखी एक पेटंट मागितलं. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली ती दोन तरुण बायांनी: मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतली फुमेझा तिसिले. दोघींनी क्षयरोग अंगावर काढलेला, दोघींचे कान जुन्या इंजेक्शनांनी गेलेले. २३ मार्च २०२३ ला पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली. त्याच वर्षी जुलैत मूळ पेटंटची मुदतही संपली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने चार औषधांच्या सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. पूर्वी हाच उपचार काही रुग्णांना वीस महिन्यांपर्यंत घ्यावा लागे.

हा विजय मोठा आहे. पण मुंबई-दिल्लीत जिंकलेली गोळी गंगाखेड तालुक्यातल्या तांड्यावरच्या बाईच्या पोटात सहा महिने नेमाने जायची, तर मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा सिस्टर, आणि तिच्या सोबतीला आशाताई.

काय करते ती? बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज घ्यायचं, नंतर आठवड्यातून तीनदाच. बाकीच्या गोळ्या मात्र रोज. हे निरक्षर बाईला समजेल असं सांगायचं, आणि पुन्हा पुन्हा सांगायचं. गोळी जेवणासोबत घ्यायची असते. जी बाई सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेली भाकरी खाते, तिला हे सांगणं म्हणजे निम्मं भांडण तिच्या घराशीच असतं. औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजीला वेळेवर पाठवायचं. त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून नवऱ्याची समजूत घालायची. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, नजर अधू होऊ शकते, रक्त कमी होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. अशा बाईचं रक्त आणखी कमी झालं तर ते तिच्या लक्षात तरी यावं कसं? दिवसभर वाकून काम करणारी पायाच्या मुंग्यांची तक्रार आपणहून करत नाही. ती कुणीतरी विचारावी लागते.

काही प्रश्न तर सासू-नवऱ्यासमोर विचारताच येत नाहीत. हा नवा उपचार गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला देत नाहीत. म्हणजे पाळीची चौकशी एकांतात व्हायला हवी. साध्या क्षयरोगातही रिफाम्पिसिन चालू असताना माला-डीसारख्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. हे सांगायला सिस्टरला एक आडोसा लागतो, दहा मिनिटं लागतात.

आणि मग दसरा-दिवाळी येते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. कोयता म्हणजे जोडपं, त्यामुळे आजारी बाई मागे राहिली तर नवऱ्याचीही मजुरी जाते. ती खोकत फडावर जाते. तिची नोंद संगणकावरून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, हे खरं. पण ती कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडात आहे हे शोधून तिथल्या सिस्टरला फोन कुणी करायचा? उपचार मधेच सुटला तर आजार याही औषधांना दाद देईनासा होण्याचा धोका असतो. तेव्हा तो फोन हाही औषधाइतकाच महत्त्वाचा.

कागदावर मात्र किती गोळ्या दिल्या याची नोंद होते, किती वेळ समजूत घातली याची होत नाही. बाई बाईची काळजी घेतेच, तो तिचा स्वभावच, असं म्हणून हे काम फुकटात धरलं जातं. घरकामाबद्दल आपण जे म्हणत आलो, तेच इथे म्हणायला हवं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कितीतरी परिचारिका वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. जिची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या आदेशावर, तिने दुसरीला धीर द्यायचा. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. तिला दळू लागायला विठ्ठल आला असं आपण मानतो. सिस्टरला दळू लागायला कोण येणार?

‘सिस्टर ओरडते’ ही तक्रार आपल्या बैठकांत नेहमी येते, आणि ती खोटी नसते. रुग्ण बाईचा मान राखलाच पाहिजे, यावर तडजोड नाही. पण ओपीडी, लसीकरण, बाळंतपणं आणि रजिस्टरं एकटीने ओढणाऱ्या बाईकडून शांतपणा मागताना तिच्या जोडीला आणखी एक जागा भरा, हेही आपणच मागायला हवं. दोन बायांना एकमेकींसमोर उभं करून व्यवस्था मोकळी होते, ते आपण होऊ देऊ नये.

म्हणून आपापल्या गावी एवढं करूया. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारूया: परिचारिकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती? बाईशी एकांतात बोलायला खोली आहे का? ईसीजीला जायचं भाडं कोण देतं? क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये झाले आहेत. ते बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात का? कोयते गाव सोडण्याआधी गटातल्या दोघीजणी सिस्टरकडे जाऊन बसूया, आणि कोण कुठे चाललं याची यादी तिच्या हाती देऊया. यादीतलं एकही नाव गावात फुटू द्यायचं नाही, कारण या आजारापायी बायांना माहेरी धाडलं जातं, हे आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या तालुक्यात काय उत्तरं मिळाली ते जरूर कळवा. मिळाली नाहीत, तर तेही कळवा.