तिसरं भोक

मे महिन्यातला वळीव म्हणजे चहा, भजी आणि गच्चीवरची गर्दी. पण गेल्या वर्षी याच पावसात माझ्या पीसीने मान टाकली, तीही प्रोजेक्ट सबमिशनला चार दिवस उरलेले असताना. वीज कडाडली, लाइट गेली, आली. नंतर बटण दाबलं तर काहीच नाही.

दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला." आम्ही भावी इंजिनिअर, आम्हीही मान डोलावली! एका सीनियरने अडवलं. म्हणाला, भिंतीपासून सुरुवात कर. सॉकेटवर मोबाइलचा चार्जर चालला. केबल बदलून पाहिली. मदरबोर्डवरचा स्टँडबायचा दिवा बंदच. मग सप्लाय काढून एसएमपीएस सगळ्या पार्ट्सपासून सोडवला, 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर क्लिपने काळीला जोडली आणि सप्लाय दिला. पंखा हलला नाही. शेजारच्या रूममधला एसएमपीएस लावला, मशीन सुरू! (पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निर्दोष असं नव्हे, 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 मध्ये हवी. आणि त्याचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात.) लॅनचा पोर्ट मात्र कायमचा गेला. वीज त्या वायरनेही येते, हे तेव्हा कळलं.

पण स्पाइक गार्ड होता ना? होता. त्याचा दिवाही ऐटीत जळत होता. तो दिवा फक्त सप्लाय आहे एवढंच सांगतो. वायरमनकाकांनी टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रलला लावला, पेटला. फेज-अर्थला लावला, अंधार. म्हणजे सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला!

फर्स्ट इयरला मीठ-कोळशासकट पाइप अर्थिंगची आकृती काढून आपण सगळ्यांनी मार्क मिळवलेत. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, कारण माती सुकली की रेझिस्टन्स वाढतो. आणि आपल्याकडे विजा नेमक्या तेव्हाच, सुकलेल्या मातीवर येतात. म्हणून रेक्टर सरांना विनंती, नवीन वायफाय नंतर बघू. आधी एप्रिलमध्ये प्रत्येक रूमचं अर्थिंग तपासून घ्या. पोरं गीझर, इस्त्री, सगळं याच सॉकेटवर लावतात, तिथे गाठ पीसीशी नाही, जिवाशी आहे.

जवळच वीज पडली तर चांगलं अर्थिंगही पीसी वाचवेलच असं नाही, हे मान्य. म्हणून ढग गडगडले की मी आधी पॉवर आणि लॅन दोन्ही केबल काढतो, मग भज्यांच्या रांगेत.

अर्थिंगचा खड्डा मेसच्या मागे आहे. सध्या त्यावर सायकली उभ्या असतात.