ताडपत्री आधी, पंचनामा नंतर

शिमगा झाला की आपल्या परभणी-हिंगोलीकडे सुगी आणि आभाळाची चाळवाचाळव दोन्ही एकदमच सुरू होतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, आणि चारच्या सुमारास आभाळाचा एखादा कोपरा काळा पडायला लागतो. तेच दिवस आता समोर आहेत. गहू-ज्वारी काढणीला आलेली, हरभऱ्याच्या सुड्या लागलेल्या, हळद शिजवून पसरलेली, कडबा बांधायचा राहिलेला. वर्षाचा पैसा अजून घरातही नाही आणि बाजारातही नाही, तो उघड्यावर पडून आहे. अशा वेळी अर्ध्या तासाचा पाऊससुद्धा सहा महिन्यांच्या कष्टाची माती करतो.

‘अवकाळीचा काही नेम नाही’ असे आपण म्हणत आलो. आता ते निम्मेच खरे आहे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापते. बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे वारे मध्य भारतावर कोरड्या वाऱ्यांना भेटतात. जिथे ते भेटतात तिथली हवा जोराने वर उचलली जाते आणि उंच ढग उभे राहतात. म्हणून हे वादळ बहुतेक वेळा दुपारनंतर आणि संध्याकाळी येते. ढगातले थेंब फार उंच गेले की गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात, आणि वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. ढग नेमका कोणाच्या शिवारात बरसेल हे दोन दिवस आधी कोणी सांगू शकत नाही. पण जिल्ह्यात असे ढग तयार होण्याजोगी हवा आहे, एवढे आधी कळते.

मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्यानुसार पुढच्या दिवसांचा अंदाज रोज देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे लगेच कामाला लागा. ढग उभे राहिले की पुढच्या तीन तासांचा इशाराही निघतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठीचा हवामान सल्ला निघतो. म्हणजे माहिती आहे आणि ती गावापर्यंत येतेही. ती अडते ती गाव आणि आखाडा यांच्या मधल्या दोन किलोमीटरवर. निरोप सरपंचाच्या मोबाईलवर दुपारी बाराला येतो, आणि हळद पसरणाऱ्या मजुराला तो डोक्यावर थेंब पडल्यावर कळतो. खरे नुकसान या दोन किलोमीटरमध्ये आहे.

काही जण म्हणतील, नुकसान झाले तर पंचनामा आहे, विमा आहे. जरा नीट बघा. 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपीट झाली, तेव्हा उभा गहू झोपला, फळबागा झोडपल्या गेल्या. त्या गारेपुढे कोणाचेच काही चालले नसते. तिथे सरकारी मदत हाच आधार, आणि ती वेळेवर मिळायलाच हवी. पण 2023 च्या मार्चमध्ये पाऊस आणि गारा आल्या त्याच आठवड्यात राज्य कर्मचाऱ्यांचा संप होता. पंचनामे रखडले आणि भिजलेला माल तसाच पडून राहिला. शिवाय या मदतीसाठी पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेले असावे लागते. 2015 च्या आधी ही अट 50 टक्क्यांची होती.

विम्याचेही तसेच. 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयाची योजना बंद झाली आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर नेली गेली. कापणी प्रयोग उत्पन्न मोजतो. कापणीनंतर तुमची सुडी भिजली, हळदीचा रंग गेला, कडबा काळा पडला, तर ते त्या आकड्यात कुठे दिसणार? भाव पडतो तो मोंढ्यात, आणि मोंढ्यातल्या पडलेल्या भावाचा पंचनामा कोणी करत नाही. म्हणून म्हणतो, ताडपत्री आधी, पंचनामा नंतर.

आता कामाचे बोलू. पावसाचा इशारा असेल तर नवी कापणी दोन दिवस थांबवा. उभे पीक भिजले तरी वाऱ्याने लवकर सुकते, जमिनीवर पडलेले पीक खालून कुजते. कापलेला हरभरा तासावर पसरून ठेवू नका. उंचवट्यावर सुडी घाला, घाटे आतल्या बाजूला घ्या, वरून ताडपत्री टाका आणि कडेला दगड किंवा मातीची पोती ठेवा, कारण पावसाच्या आधी वारा येतो. सुडीभोवती चर काढायला दोन माणसांना तासभर पुरतो. ज्वारीची कणसे खुडून झाली असतील तर ती आधी छपराखाली न्या, कडबा मागून. मळणी यंत्राचा नंबर लागेल तेव्हा लागेल, माल झाकायला नंबर लागत नाही.

हळदीचे जरा वेगळे आहे. शिजवलेल्या हळदीला वाळायला दहा ते पंधरा दिवस कडक ऊन लागते. इशारा असेल तर शिजवणे पुढे ढकला. कच्चे गड्डे सावलीत ढीग करून पाल्याने झाकले तर काही दिवस टिकतात. पसरलेली हळद दुपारनंतर गोळा करून झाका, पण ऊन पडताच ताडपत्री काढा. ओली हळद झाकून ठेवली की तिला घाम फुटतो आणि बुरशी धरते.

मालापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. वीज चमकल्यावर मनात आकडे मोजा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. हातातले काम तिथेच सोडा आणि पक्क्या घरात जा. चिंचेखाली, लिंबाखाली उभे राहू नका. बैल झाडाला बांधू नका. घर जवळ नसेल तर झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि दवाखान्यात न्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. घरातल्या शिकलेल्या पोराला ते मोबाईलवर घालायला सांगा.

सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी मंडळींना एक विनंती आहे. इशारा ग्रुपवर टाकला म्हणजे काम झाले, असे समजू नका. शिवारातल्या माणसाचा मोबाईल झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो. नारिंगी इशारा आला की दुपारी बाराच्या आत मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तो दोनदा सांगा. भोंगा ऐकू येत नाही त्या प्रत्येक वस्तीवर एक माणूस नेमा. हळद शिजवायला बाहेरगावाहून आलेल्या टोळ्या पालात राहतात. त्यांना संध्याकाळी शाळेची खोली उघडून द्या. आणि तरीही नुकसान झालेच, तर पंचनाम्याला शेतकऱ्याने तुमच्या दारी खेटे घालू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच बांधावर दिसा.

या सगळ्याला फार खर्च नाही. एक ताडपत्री, एक भोंगा आणि निरोप घेऊन जाणारा एक माणूस लागतो. पाडव्याच्या आत तुमच्या गावात हे तिन्ही ठरले आहे का, एवढे येत्या ग्रामसभेत उठून विचारा.