एकच गळा, दोन कॅसेटी



कोल्हापुरात चैत्र लागला की दोन ठिकाणचे कर्णे सुरू होतात. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेची आणि आपली जयंती १४ एप्रिलची. दोन्ही पुष्कळदा मागेपुढेच येतात. यात्रेकरूंच्या गाडीवर देवाचे गाणे, आपल्या मांडवात भीमगीत. आणि बिंदू चौकात उभे राहून जरा कान दिला, तर कैक वेळा दोन्हीकडचा गळा एकच निघतो. तो गळा कालकथित प्रल्हाद शिंदे यांचा.

हे आज लिहायचे कारण म्हणजे वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर एका उपासिकेने विचारलेला प्रश्न. त्या म्हणाल्या, "ताई, सुनेने सकाळी सकाळी मोबाईलवर पंढरीचे गाणे लावले. मी बंद करायला लावले. तेव्हापासून ती गप्प गप्प आहे. माझे काही चुकले का?" बायका हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण आमच्या घरीही हा वाद झालेला आहे. मोबाईल नव्हता तेव्हा तो कॅसेटीवरून झाला, एवढाच फरक.

मी काही गाण्यातली जाणकार नव्हे. राग कुठला, ताल कुठला, मला कळत नाही. भाकरी थापताना, भांडी घासताना ऐकणारी मी बाई. पण ऐकून ऐकून कानाला काही समजू लागते, तेवढ्या बळावर लिहिते.

आमच्या टेपच्या डब्यात प्रल्हाद शिंदेंच्या दोन कॅसेटी शेजारी शेजारी होत्या. एक विठ्ठलाची, एक बाबासाहेबांची. आमचे सासरे दुसरी लावायचे. सासूबाई मात्र घरात कोणी नसले की पहिली लावायच्या आणि सासरे आले की आवाज बारीक करायच्या. बाई १९५६ नंतरच्या, पक्क्या बौद्ध. देव्हारा नाही, उपास नाही. तरी त्या गाण्याला त्यांचा पाय हलायचा. एकदा मी विचारले तर म्हणाल्या, "अगं, देवाला कोण ऐकतंय, मी त्याला ऐकते." 'त्याला' म्हणजे गाणाऱ्याला.

दोन्ही कॅसेटी लागोपाठ ऐकल्या की एक गोष्ट ध्यानात येते. आवाज तोच आहे, खणखणीत, उंच चढणारा, वर गेला तरी न फाटणारा. पण विठ्ठलाच्या गाण्यात तो आवाज मागतो. दर्शन दे, पाव, कृपा कर. भीमगीतात तोच आवाज सांगतो. मागे कोरस, टाळ्यांचा ठेका, कव्वालीसारखी फेक, आणि समोर हजार माणसे बसली आहेत असे समजून एकेक शब्द ठासून म्हटलेला. मला हा फरक फार आवडतो. एकाच माणसाच्या गळ्यात आपल्या समाजाची दोन युगे राहिली, असे वाटते.

आता कडक बोलणारे म्हणतील, बावीस प्रतिज्ञा विसरलात काय? नाही विसरलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्या दिल्या आणि आम्ही त्या घरात लावल्या आहेत. राम, कृष्ण आणि बाकीचे देव मानणार नाही, पूजणार नाही, हे त्यात स्वच्छ आहे. पण ऐकणे म्हणजे पूजणे का, हा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, ज्यासाठी आपल्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. १९४८ साली अस्पृश्यांवरचा ग्रंथ त्यांनी ज्या तिघांना अर्पण केला, त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर आपला चोखामेळा आहे. आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना तर ते म्हणाले, की पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे हे मी सिद्ध करणार आहे. त्यावरचे लेखन पुरे करायला काळाने त्यांना सवड दिली नाही. ज्याच्याशी झगडायचे त्याचे शब्द आधी नीट ऐकायचे, ही त्यांची रीत होती.

शिवाय पोटाचे काय? भक्तिगीताच्या कॅसेटीला सारा महाराष्ट्र गिऱ्हाईक होता. भीमगीताच्या कॅसेटीला गिऱ्हाईक आपण, आणि आपण काय केले? एकाने विकत घ्यायची आणि गल्लीतल्या दहा जणांनी कोऱ्या कॅसेटीवर उतरवून घ्यायची. जयंतीची वर्गणी निघाली की साऊंडवाल्याचे पैसे आधी, कमानीचे नंतर, गायकाला उरले तर. आणि मग त्याच गायकाने देवाची गाणी गायली म्हणून नाक मुरडायचे! आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या वाट्यालाही हे आले. पोपटाच्या गाण्याने आनंदरावांचे नाव घरोघर झाले, तेव्हा आपल्याच शहाण्यांनी तोंडे वाकडी केली होती. पुढे २०१९ मध्ये बाबासाहेबांवरच्या मालिकेचे शीर्षकगीत आदर्श शिंदे यांच्या आवाजात घरोघर वाजले, तेव्हा तीच मंडळी म्हणाली, शेवटी रक्त बोलते.

खरे सांगू का? विठ्ठलाच्या कॅसेटीने माझी अडचण होतच नाही. अडचण होते ती काही भीमगीतांनी. अलीकडे जयंतीत अशी गाणी वाजतात, की ज्यात बाबासाहेबांचे नाव काढून कुठल्याही देवाचे घातले तरी चालेल. चाल आरतीची, शब्द नवसाचे. तू धावून ये, तू तार, तू अवतार. ती ऐकताना माझ्या हातातली भाकरी थांबते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच बजावले होते, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आणि आपण त्यांच्यावरच ती लादतो. देव्हारा काढला तो गाण्यातून परत आणायचा काय?

अशा वेळी मी वामनदादांकडे वळते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२ चा. शाळा नाही, मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकला आणि मग जन्मभर गाणीच लिहीत, गात गावोगाव हिंडला. त्यांचे गाणे ऐकताना डोळे मिटता येत नाहीत. बाबासाहेबांचे गुण गातील, पण लगेच आपल्याकडे वळून विचारतील, तुम्ही काय केलेत? धनाचा साठा करणाऱ्यांना नावे घेऊन विचारतील, आमचा वाटा कुठे आहे? हे मागणे नव्हे, हा हिशेब आहे. आणि शेवटच्या कडव्यात बहुधा 'वामन' असे आपले नाव गुंफतील. कॅसेटीच्या कव्हरवर कवीचे नाव असो की नसो, गाण्यात ते असते. म्हणून नव्या गायकांना एक विनंती, वेळ कमी पडला तर मधले कडवे गाळा, शेवटचे गाळू नका.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. एक शब्द, एक आवाज, सव्वा महिन्याच्या अंतराने.

तर त्या उपासिकेला मी म्हटले, ताई, गाणे बंद करायला लावलेत ते लावलेत, आता सुनेला जवळ बसवून दोन्ही गाणी ऐका आणि फरक तिलाच सांगू दे. पुढच्या रविवारी त्या सुनेला घेऊनच विहारात आल्या. मुलगी हुशार आहे. म्हणाली, "विठ्ठलाच्या गाण्यात चाल चांगली आहे, पण भीमगीतात ते जास्त रागात आहेत, ते मला आवडलं." सासूबाई असत्या तर त्यांना हे उत्तर पटले असते.

वाचनानंतर आणखी एक नाव निघाले, कालकथित विठ्ठल उमप. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असतानाच ते गेले. बौद्ध गायक आणि नाव विठ्ठल! त्यांच्याविषयी पुढच्या अंकात.