पाषाणाचे आयुष्य

मंदिराच्या बांधकामास देणगी देताना दाते पाषाणाची शुभ्रता आणि त्याचा दर यांची चौकशी अगत्याने करतात. तो पाषाण ज्या गावी उभा राहणार, तेथे पाऊस किती पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. वास्तविक दर एकदाच मोजावा लागतो, पाऊस दरवर्षी पडतो. ऊन, पाणी आणि हवा यांमुळे खडक जागच्या जागी खिळखिळा होणे, यास भूगोलात विदारण म्हणतात. त्याचा वेग खडकाच्या घटकांवर आणि त्याच्या वाट्यास आलेल्या हवामानावर ठरतो.

श्रवणबेळगोळ येथील बाहुबलींची सुमारे 57 फूट उंच मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीपासून विंध्यगिरीच्या माथ्यावर उघड्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही, तरी मुखावरील स्मित आजही स्पष्ट दिसते. मूर्ती अखंड ग्रॅनाइटची आहे. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ, म्हणजेच गारगोटीचे द्रव्य, पावसाला दाद देत नाही. दुसरा घटक फेल्डस्पार. पाण्याच्या सहवासात त्याची हळूहळू चिकणमाती होते. परंतु त्यासाठी पाणी मुरावे लागते, थांबावे लागते. भेगा नसलेल्या उभ्या पाषाणावरून ते ओघळून जाते. तोच ग्रॅनाइट ओलसर मातीखाली गाडलेला असता, तर पुष्कळ लवकर कुजला असता.

हवामानाचा प्रभाव पाहण्यास महाराष्ट्रच पुरेसा आहे. सोलापूरचा आणि महाबळेश्वरचा काळा कातळ एकाच कुळातला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. सोलापुरास वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पाण्याने कातळातील चुना व मॅग्नेशियम पुरते धुऊन जात नाहीत, आणि त्याची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती होते. महाबळेश्वरास 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा दमट हवेत दीर्घकाळ राहिलेल्या कातळातून विद्राव्य घटक, इतकेच नव्हे तर बरीचशी सिलिकाही निघून गेली. मागे उरली लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे, म्हणजेच तांबडा जांभा. वेरूळची इंद्रसभाही याच जातीच्या कातळात कोरलेली आहे, आणि तेथे भेगांतून झिरपणारे पाणी हाच मोठा शत्रू.

संगमरवर या दोहोंहून नाजूक. तो मुख्यत्वे कॅल्साइटचा असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते, आणि तेवढे आम्लही कॅल्साइट झिजविण्यास पुरते. कोरड्या प्रदेशात ही झीज अल्प. दमट प्रदेशात ती वाढते, आणि कारखान्यांचा धूर मिसळला की कोरीवकामाच्या कडा बोथट होऊ लागतात. अबूवर राजस्थानच्या मानाने पाऊस बराच आहे. तेथील विमलवसही 1031 सालची. तिचे अतिसूक्ष्म कोरीवकाम मंडपांच्या छताखाली आहे, बाहेरचे अंग अगदी साधे. त्या साधेपणाची कारणे काहीही असोत, संगमरवरास ती योजना मानवली.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर उघडे शुभ्र शिखर उभारण्याचा आग्रह म्हणूनच जरा तपासून पाहावा. गर्भगृहात संगमरवर आणि पाऊस झेलणाऱ्या अंगास ग्रॅनाइट, ही वाटणी अधिक शहाणपणाची. डाग काढण्यासाठी संगमरवरावर ॲसिड ओतणे तर सर्वांत वाईट. पावसास जे करण्यास पिढ्या लागतात, ते त्याने काही मिनिटांत होते. स्वयंपाकघरातील संगमरवरी ओट्यावर लिंबाचा थेंब राहिला, तरी तेवढ्या जागेची झिलई उतरते. ग्रॅनाइटच्या ओट्यावरचा तोच थेंब फडक्याने पुसला की भागते.