जागृत लोकमताचे कवच

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ओकेफेनोकी ही विशाल दलदल १९३७ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. परंतु पूर्वेकडे तिचे पाणी अडवणाऱ्या ‘ट्रेल रिज’ या वालुकामय टेकाडाचा मोठा भाग अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिला. टायटॅनियमच्या लोभाने तेच टेकाड पोखरण्याचा घाट नव्वदच्या दशकात घातला गेला; प्रखर लोकविरोधापुढे कंपनीला माघार घ्यावी लागली. २०१९ मध्ये दुसरी कंपनी पुढे सरसावली. जनता पुन्हा उभी ठाकली आणि अखेर २०२५ मध्ये एका संवर्धन संस्थेने सुमारे सहा कोटी डॉलर मोजून ती जमीनच विकत घेतली. विजय स्वागतार्ह खरा. पण दर वेळी जमीन विकत घेता येत नाही. कायमचे कवच कायद्यानेच लाभते आणि तो करवून घेण्यासाठी लोकमत अखंड जागे राहावे लागते.